अर्जामागचा अदृश्य कारकून

कचेरीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या अर्जदाराला पूर्वी दोन गोष्टींचे भय वाटत असे. एक, अर्जातील एखादा रकाना नजरचुकीने रिकामा राहील. आणि दुसरे, तेवढ्याकरिता सबंध अर्ज परत येऊन साऱ्या लिखाणाला पुन्हा आरंभ करावा लागेल. खिडकीपलीकडचा कारकून समंजस असला, तर तो चुकलेल्या रकान्यावर बोट ठेवी, 'एवढे भरा' म्हणून सांगे आणि बाकीचा मजकूर तसाच राहू देई. आता अर्ज संगणकाच्या पडद्यावर आला आहे. खिडकी नाहीशी झाली. समंजस कारकुनाची गरज मात्र तशीच राहिली. पडद्यामागे हे काम कोण करतो, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

संकेतस्थळावरील अर्ज हा मुळात खुणांचा बनलेला असतो. एचटीएमएल नावाच्या खूणभाषेत रकाना कोठे, त्याचे नाव काय, यादी कोणती आणि 'पाठवा' ही कळ कोठे, हे लिहून ठेवलेले असते. या भाषेच्या 1995 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आवृत्तीतच अर्जाच्या खुणांचा समावेश होता. ब्राउझर त्या खुणा वाचून पडद्यावर अर्ज उभा करतो आणि कळ दाबताच प्रत्येक रकान्याचे नाव व त्यातील मजकूर अशा जोड्या दूरच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, धाडतो. योजना साधी आहे. परंतु तीस रकान्यांचा अर्ज हाताने लिहावयाचा, प्रत्येकाचे नाव अचूक ठेवावयाचे आणि तीच नावे पलीकडे माहिती उतरवून घेताना पुन्हा जुळवावयाची, हे काम कंटाळवाणे असते. आणि कंटाळवाण्या कामात चुका हमखास होतात.

या कंटाळ्यावर उपाय म्हणून तयार सांगाडे निर्माण झाले. त्यांस फ्रेमवर्क म्हणतात. त्यांपैकी 'रुबी ऑन रेल्स' हा एक प्रसिद्ध सांगाडा. युकिहिरो मात्सुमोतो या जपानी आज्ञावलीकाराने 1995 साली रुबी ही भाषा प्रसिद्ध केली. आणि डेव्हिड हाइनमायर हॅन्सन या डॅनिश आज्ञावलीकाराने 2004 साली तिच्या आधारे रेल्स जगापुढे ठेवले. रेल्समध्ये अर्ज रचण्यासाठी काही साहाय्यक पद्धती आहेत. साहाय्यक पद्धती म्हणजे एका ओळीची अशी आज्ञा, की जिच्यातून आवश्यक त्या साऱ्या खुणा आपोआप लिहिल्या जातात. पूर्वी अशा अर्जांसाठी 'फॉर्म फॉर' आणि 'फॉर्म टॅग' या दोन वेगळ्या पद्धती होत्या. 2017 सालच्या 5.1 या आवृत्तीत 'फॉर्म विथ' ही एकच पद्धत दोहोंचे काम करू लागली.

शिष्यवृत्तीच्या अर्जाचे उदाहरण घेऊ या. विद्यार्थ्याचे नाव, गाव आणि 'वसतिगृहात जागा हवी' अशी एक खुणेची चौकट, एवढेच रकाने त्यात आहेत असे मानले, तर आज्ञावलीकार 'टेक्स्ट फील्ड' ही पद्धत वापरून केवळ 'गाव' एवढेच सांगतो. साहाय्यक पद्धत त्या रकान्याला 'विद्यार्थी' आणि पुढे चौकोनी कंसात 'गाव' असे नाव देते. त्यामुळे पलीकडे पोहोचलेली सर्व माहिती 'विद्यार्थी' या एका गाठोड्यात बांधलेली सापडते. तीच पद्धत रकान्याला एक ओळखखूण देते, आणि 'लेबल' ही दुसरी पद्धत शेजारच्या 'गाव' या शब्दाला त्या ओळखखुणेशी जोडते. डोळस माणसाला ही जोडणी दिसत नाही. परंतु पडदा वाचून दाखविणाऱ्या साधनावर विसंबणारी अंध विद्यार्थिनी त्या रकान्यावर आली, की तिला 'गाव' हा शब्द ऐकू येतो. जोडणी नसेल, तर तिच्यापुढे निनावी रकान्यांची रांगच उभी राहते.

आता चुकलेल्या अर्जाकडे वळू. विद्यार्थ्याने नाव लिहिले आणि गाव लिहिणे राहून गेले. सर्व्हरने अर्ज नाकारला, तरी साहाय्यक पद्धती तोच अर्ज पुन्हा रचताना लिहिलेले नाव जागच्या जागी भरून ठेवतात आणि चुकलेला रकाना वेगळ्या वेष्टनात गुंडाळतात, म्हणजे तो ठळक करून दाखविता येतो. गुप्त शब्दाचा रकाना तेवढा पुन्हा भरला जात नाही. तो पडद्यावर परत येऊ नये, हेच इष्ट. समंजस कारकुनाचे बोट ते हेच.

खुणेच्या चौकटीची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. चौकटीत खूण नसेल, तर ब्राउझर तिच्याविषयी काहीच पाठवीत नाही. वसतिगृहाची जागा पूर्वी मागितलेल्या विद्यार्थ्याने आता ती खूण पुसली असे समजा. सर्व्हरला नकार कळतच नाही, कारण न पाठविलेले उत्तर आणि न विचारलेला प्रश्न यांत त्याला भेद दिसत नाही. आणि जुना होकार नोंदीत तसाच राहतो. यास्तव रेल्सची पद्धत चौकटीच्या आधी त्याच नावाचा एक अदृश्य रकाना ठेवते व त्यात शून्य लिहिते. खूण असेल तर मागून एक हा आकडा येतो आणि तोच ग्राह्य धरला जातो. खूण नसेल तर शून्य तरी पोहोचते. माणसाचा नकारही नोंदला जावा, यासाठी केलेली ही तजवीज आहे.

देवनागरी लिहिणाऱ्यांचाही या विषयाशी निकटचा संबंध आला होता. इंटरनेट एक्स्प्लोररच्या जुन्या आवृत्त्या काही प्रसंगी अर्जातील अक्षरे युनिकोडच्या ठरलेल्या सांकेतिक पद्धतीऐवजी दुसऱ्याच पद्धतीने पाठवीत, आणि मग इंग्रजीखेरीज अन्य लिपींतील मजकुराची दुर्दशा होई. यावर 2010 सालच्या रेल्सने युक्ती काढली. प्रत्येक अर्जात एक अदृश्य रकाना घालून त्यात 'बरोबर'ची लहानशी खूण ठेवली. ती खूण जुन्या संकेतांत बसतच नसल्यामुळे ब्राउझरला युनिकोडचाच आश्रय करावा लागे. पुढे ते ब्राउझर मागे पडले आणि 2019 सालच्या सहाव्या आवृत्तीपासून नव्या प्रकल्पांत हा रकाना आपोआप घालणे बंद झाले.

साहाय्यक पद्धती आणखी एक अदृश्य रकाना घालतात, तो सुरक्षिततेचा. एखाद्या संकेतस्थळावर ओळख पटवून आत गेलेल्या माणसाला दुसऱ्या कपटी पानावर ओढून, त्याच्या नकळत पहिल्या स्थळाकडे खोटा अर्ज धाडता येतो. ब्राउझर त्याची ओळखपत्रे सोबत जोडू शकत असल्याने तो अर्ज खराच भासतो. म्हणून रेल्स आपल्या अर्जात एक गुप्त परवली ठेवते. कपटी पानाला ती ठाऊक नसते, आणि परवलीवाचून आलेला अर्ज नाकारला जातो.

परंतु कारकुनाच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. अर्ज कसा दिसावा हे तो ठरवितो. परत काय येईल हे त्याच्या हाती नसते. अर्जात नसलेला एखादा रकाना कोणीही स्वतः जोडून पाठवू शकतो. मार्च 2012 मध्ये गिटहब या स्थळावर एका तरुण अभ्यासकाने नेमके हेच केले. आपली किल्ली नोंदविण्याच्या अर्जात त्याने एक जादा मूल्य घातले, आणि ती किल्ली रेल्स प्रकल्पाच्याच खात्यावर नोंदली गेली. शिष्यवृत्तीच्या अर्जात कोणी 'मंजूर' असा रकाना स्वतः जोडावा, तसाच हा प्रकार. पुढे 2013 सालच्या चौथ्या आवृत्तीपासून कोणते रकाने स्वीकारावयाचे याची यादी सर्व्हरच्या बाजूस स्पष्ट लिहावी, हा नियम रेल्सने घालून दिला. यादीबाहेरचे रकाने गाळले जातात.

तात्पर्य, साहाय्यक पद्धती म्हणजे केवळ आज्ञावलीकाराचे श्रम वाचविण्याची सोय नव्हे. एकाने एकदा नीट विचार करून ठेवावा आणि पुढच्या हजारोंनी तो विचार नकळत वापरावा, अशी ती व्यवस्था आहे. अर्ज भरण्याची मुदत आज रात्री संपत असलेल्या विद्यार्थिनीला या पद्धतींची नावेही ठाऊक नसतात. एक रकाना चुकला असता तिचे बाकीचे लिखाण शाबूत राहते, तिचे नाव देवनागरीत जसेच्या तसे उमटते आणि तिचा नकारही नकार म्हणूनच पोहोचतो, एवढेच तिला हवे असते. ते तिला विनासायास मिळाले, म्हणजे अदृश्य कारकुनाने आपले काम चोख केले असे समजावे.