फोर बाय फोर, की टू बाय फोर?

'बॉस, आपली गाडी फोर बाय फोर आहे!' हा माझा ऑफिसातला पेटंट डायलॉग. लोअर परळच्या एसी केबिनमध्ये बाकीची मंडळी हॅचबॅकच्या मायलेजवर घसा कोरडा करत असताना हा डायलॉग टाकला, की आपला भाव एकदम वर. गाडी खरं तर काकांची. जुन्या वळणाची, लीफ स्प्रिंगची पिकअप. आंब्याच्या पेट्या वाहून वाहून हौद्याला जागोजागी पोचे आलेले. काकांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि ती लालबागला आमच्या चाळीखाली येऊन उभी राहिली. चाळीतल्या पोरांसाठी ती रणगाडा आणि माझ्यासाठी स्टेटस.

गेल्या वर्षी गणपतीत हा माज एका रात्रीत उतरला.

देवगड तालुक्यातलं आमचं घर डांबरी रस्त्यापासून अर्धा किलोमीटर खाली. मधली चढण लाल मातीची, अधूनमधून जांभ्याचा कातळ. रात्री दोनच्या सुमारास आजीला दम लागला. तिला पुढे बसवलं, फोर व्हील टाकलं, लो गिअर घातला आणि निघालो. मधल्या वळणावर गाडी तिरकी झाली. मागची दोन्ही चाकं चिखलात रुतली. पुढचं डावं चाक चराच्या वर हवेत अधांतरी. उजवं मात्र मस्तपैकी कोरड्या कातळावर! म्हणजे गाडी ओढायला एक चाक एकदम फिट होतं. पण झालं काय? हवेतलं चाक भिंगरीसारखं फिरत राहिलं आणि कातळावरचं ढिम्म हललं नाही. शेवटी वाडीतल्या दहा-बारा जणांनी धक्का मारून गाडी वर काढली. चाळीस मिनिटं गेली. आजी वाचली. पण त्या चाळीस मिनिटांत ती एकदाच बोलली, 'चार चाकां चलतत म्हणा हुतंस मां?'

घोळ कुठे होता?

तुम्ही म्हणाल, फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना ताकद. मलाही तसंच वाटायचं. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शिअल असतं, ते दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं. एकोणिसाव्या शतकातली ही आयडिया आजही जवळपास प्रत्येक गाडीत आहे. पण साधं डिफरन्शिअल फारच समाजवादी. दोन्ही चाकांना ते नेहमी सारखाच जोर देतं. एक चाक हवेत असेल तर त्याला फिरवायला जोर लागतो जवळजवळ शून्य, म्हणून दुसऱ्यालाही शून्यच मिळतो. सगळ्यात लेचंपेचं चाक ठरवणार, बाकीच्याने किती काम करायचं ते!

यावर एक इलाज म्हणजे लॉकर. तो दोन्ही चाकं एकत्र जखडतो. दुसरा लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल. तो जखडत नाही, पण एक चाक घसरायला लागलं की दुसऱ्याकडे जास्त जोर वळवतो. त्यातल्या गिअरवाल्या प्रकारात हे प्रमाण साधारण अडीच-तीन पट असतं. घसरणारं चाक पन्नास न्यूटन-मीटर पेलत असेल, तर दुसऱ्याला दीडशेपर्यंत मिळतात.

गाडी चढणीला लागली की वजन मागे जातं, त्यामुळे असा इलाज बहुतेक वेळा मागच्या एक्सललाच होतो. २०१५ च्या थारलाही मेकॅनिकल लॉकर मिळाला तो मागेच. आमच्या पिकअपलाही मागे लिमिटेड स्लिप होता. त्या रात्री गरज मात्र पुढे होती.

'नको त्या भानगडीत पडू नकोस'

लालबागमधल्या एका गल्लीत आमच्या मिस्त्रीकाकांचा गाळा आहे. काका मूळचे गिरणीच्या मेकॅनिक खात्यातले. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा बाविशीत होते. गिरणी सुटली ती सुटलीच. येताना सोबत आली फक्त एक फिलर गेज आणि मापाची सवय. एका गाड्यावाल्याकडे हेल्परी करत गाड्या शिकले. मला गंमत याची वाटते, की इथून जवळच माझगावात महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जुळणी सुरू केली होती. म्हणजे या भागाच्या हाताला फोर बाय फोर काही नवी नाही.

माझा प्लॅन ऐकून काका म्हणाले, 'अरे, पुढचा एक्सल नाजूक. चाक वळलेलं असताना एकाच बाजूला जोर आला, तर क्रॉस तुटेल. स्टेअरिंग ओढेल ते वेगळंच. नको त्या भानगडीत पडू नकोस.'

मी आजीची गोष्ट सांगितली. काका बराच वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, 'लॉकर नाही लावायचा. क्लच प्लेटवालाही नको. गिअरवाला आण. आणि दाते मोजून आण.'

दाते मोजणं म्हणजे अर्धी लढाई. एक्सलच्या टोकाला खाचा असतात, त्यांची संख्या नव्या डिफरन्शिअलशी जुळली पाहिजे. क्राउन-पिनियनचं गुणोत्तरही त्यात बसायला हवं, आणि पुढचं-मागचं गुणोत्तर एकसारखंच राहायला हवं. मी दोन शनिवार ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत घालवले. गाडीचं नाव ऐकून कुणी इंप्रेस होत नाही. सगळ्यांचा एकच प्रश्न, 'कितने दाँत?' शेवटी बाहेरून मागवावा लागला. किंमत? नव्या फोनचं आणि गोव्याच्या ट्रिपचं बजेट एकत्र केलं, तरी थोडं कमी पडलं.

दोन दिवस, एक केस

तेल काढलं. हब, एक्सल, कव्हर सगळं उतरवलं. बेअरिंगच्या टोप्यांवर काकांनी पंचने खुणा केल्या, कारण डावी-उजवी अदलाबदल झाली तर खेळ खलास. जुनं डिफरन्शिअल बाहेर आलं. त्यावरचा क्राउन सोडवून नव्यावर बसवला. पिनियनला हातही लावला नाही. क्राउन-पिनियन ही जोडी, लग्न झालेली. ती मोडायची नाही.

मग सुरू झाली खरी परीक्षा. क्राउन आणि पिनियनच्या दातांत अगदी केसाएवढी फट लागते, मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतकी किंवा त्याहून थोडी कमी. आम्हाला हवी होती ०.१५ ते ०.२०. डायल गेज लावला तर ०.३५! ही फट ठरते बेअरिंगखालच्या पातळ शिमने. डावीकडची उजवीकडे घालायची, पण त्यासाठी दर वेळी पुलर लावून बेअरिंग काढायचा. काढा, बदला, दाबून बसवा, मोजा. चौथ्या वेळी ०.२२ आलं. मी म्हटलं, 'चालतंय की काका.' त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. 'गिरणीत चालतंय म्हणणाऱ्याचा धागा तुटायचा,' एवढंच म्हणाले आणि पुन्हा पुलर उचलला.

सहाव्या वेळी ०.१७. दातांना निळा रंग लावून फिरवलं. ठसा बरोब्बर दाताच्या मध्यावर उमटला. दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली होती. समोरच्या टॉवरचे दिवे लागले होते. काकांचा गाळा असलेली इमारतही रिडेव्हलपमेंटला चालली आहे. हत्यारं पुसता पुसता ते म्हणाले, 'या जागेत पुढचा डिफरन्शिअल बहुतेक हा शेवटचाच.' मी काही बोललो नाही. काय बोलणार?

फरक पडला का?

खरं सांगू? मुंबईत शून्य! लालबाग ते दादर, दादर ते गिरगाव, गाडी अगदी तशीच चालते. फोर व्हील टाकलं नाही आणि हब मोकळे ठेवले, तर पुढच्या डिफरन्शिअलवर इंजिनाचा जोर येतच नाही. ऑफिसात दाखवण्यासारखंही काही नाही, सगळं आत.

यंदा गणपतीच्या आधी गावी गेलो. तीच चढण, तेच वळण, पाऊस लागलेला. मुद्दाम त्याच चरावर गाडी घातली. डावं चाक उचललं आणि भिंगरी सुरू! पोटात गोळा आला. मग काकांचं वाक्य आठवलं, 'शून्याची तिप्पट शून्यच. ब्रेकवर हलकं बोट ठेव, त्याला काहीतरी लोड दे.' डाव्या पायाने ब्रेक जरासा दाबला. क्षणभर काहीच नाही. मग उजव्या चाकाने कातळ पकडला आणि गाडी सरळ वर.

ओट्यावरून आजी बघत होती. लालबागला फोन लावला. 'चढली?' काकांनी विचारलं. 'चढली.' 'आवाज येतोय कसला?' 'नाही.' 'मग हजार किलोमीटरला तेल बदलायला आण. गाळा कुठे असेल ते तेव्हा सांगतो.'

तुम्हीही विचार करताय? मग हे वाचाच

• आधी टायर आणि हवेचा दाब बघा. निम्मे प्रॉब्लेम तिथेच सुटतात.
• मागच्या एक्सलला काही नसेल तर सुरुवात मागून करा.
• पुढे शक्यतो गिअरवाला लिमिटेड स्लिपच घ्या. कायमचा जखडणारा लॉकर पुढे नको, स्टेअरिंग वळता वळत नाही.
• पार्ट टाइम फोर व्हील कोरड्या डांबरावर टाकू नका.
• नव्या गाडीची वॉरंटी चालू असेल तर हात घालू नका. विमा कंपनीला लेखी कळवा.
• डायल गेज नसलेल्या गॅरेजात हे काम करू नका. आणि 'चालतंय' म्हणणाऱ्याकडे तर अजिबात नाही.