सौजन्य आणि डाव
पोकर नांवाच्या पत्त्यांच्या खेळांत हातांतील पानांइतकाच खेळाडूचा स्वभावही फळास येतो. उद्दाम विजेत्यासमोर हरणारा फार वेळ बसत नाहीं. हसतमुख विजेत्याशीं मात्र तो पुनः पुनः खेळतो व हरतो. म्हणजे गोडवा हें तेथें भांडवलच!

आमच्या पैठणांत पैजेचीच एक आख्यायिका याच्या उलट सांगतात. एकनाथमहाराजांना राग आणल्यास २०० रुपये देऊं, असें टवाळांनीं मुलाच्या मुंजीसाठीं नडलेल्या एका ब्राह्मणास सांगितलें. तो नाथांच्या मांडीवर जाऊन बसला, तरी त्यांची शांति ढळली नाहीं. पैजेचें कळतांच मात्र, आपण रागावलों असतों तर याचें काम झालें असतें, म्हणून ते हळहळले.

वाचकहो, जुगाऱ्याचें सौजन्य समोरच्याचा खिसा पाहतें. संताचें, त्याची नड.