रस्ता पाठ, पण गड पाहिला नाही

आपल्या वस्तीत अशी पुष्कळ घरे आहेत की ज्यांतला कर्ता माणूस महिन्यातले वीस-पंचवीस दिवस ट्रकवर असतो. आमचे दाजी त्यांतलेच. थोरल्या बहिणीचे यजमान. अठ्ठावीस वर्षे त्यांनी सोलापूर-हैदराबाद रस्ता तुडवला. जाताना चादरी-टॉवेलच्या गाठी, येताना मिळेल तो माल. मी स्वतः एका ट्रान्सपोर्टच्या बुकिंग ऑफिसात कारकून. बिल्ट्या लिहिण्यात माझे निम्मे आयुष्य गेले. तेव्हा ड्रायव्हर लोकांचे जिणे मला घरातूनही ठाऊक आणि टेबलावरूनही.

भाची पाचवीत असताना तिच्या शाळेची सहल नळदुर्गला गेली. घरी आल्यावर तिने वडिलांना विचारले, "बाबा, तुम्ही तर सारखे तिथूनच जाता. पाणी महालात तुम्ही किती वेळा गेलात?" दाजी गप्प बसले. नळदुर्ग म्हणजे त्यांच्या लेखी उताराची वळणे, एक चहाची टपरी आणि टायरमध्ये हवा भरण्याचे दुकान. हजारदा तरी गाडी तिथून गेली असेल, पण गड पाहिला नव्हता!

यात दाजींचा दोष किती? मालक सांगणार, गाडी सकाळी सातच्या आत खाली झाली पाहिजे. उशीर झाला की भत्ता कापला. असा एक मालक त्यांच्या वाट्याला पुरा नऊ वर्षे होता. ड्रायव्हर रात्रभर जागतो आणि आपण घरी म्हणतो, बाबा देश फिरून आले! तो देश फिरत नाही, रस्ता फिरतो.

म्हणून आज या पानावर आपल्या सोलापूरच्या आसपास, मालाच्या गाड्या जिथून जातात त्या वाटेवरच्या काही गमतीच्या जागा सांगाव्या असे मनात आले.

नळदुर्ग सोलापूरपासून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली, तेथे बोरी नदीवर काळ्या दगडाचा बंधारा बांधला गेला. नुसता बंधारा नव्हे, त्याच्या पोटात खोल्या काढल्या. वरून नदी वाहते आणि आत माणूस कोरडा उभा! हाच पाणी महाल. पावसाळ्यात नदीला भरपूर पाणी आले की बंधाऱ्यावरून दोन ठिकाणी धबधबे कोसळतात. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. चारशे वर्षे पुराचे पाणी अंगावर घेऊन तो दगड उभा आहे. तो घडविणारे हात कोणाचे होते, त्यांची नावे काय, हे आपण विचारावे असे मला नेहमी वाटते. मात्र पावसाळ्यात दगड निसरडे असतात. लेकरांचा हात सोडू नका.

पण खरी ड्रायव्हरने पाहण्याची जागा माझ्या मते विजापूरला आहे. गोलघुमट सर्वांना माहीत असतो. सोलापुरातून शंभरेक किलोमीटर गेले की त्याचा घुमट माळावर दुरूनच दिसू लागतो. आत गॅलरीत भिंतीशी तोंड लावून हळू बोलले तरी समोरच्याला पलीकडे ऐकू येते. इंजिनाच्या आवाजाने कान बधिर झालेल्या माणसाने तिथे एकदा उभे राहावेच. मी मात्र सांगतो आहे ती गोष्ट मुलूख-मैदान तोफेची. शहराच्या पश्चिमेच्या शेरजा बुरुजावर ती आहे. तिच्या तोंडाशी जबडा वासलेला सिंह कोरला आहे आणि त्याच्या दातांत हत्ती सापडला आहे. ही तोफ 1549 साली अहमदनगरला ओतली. पुढे ती आपल्या परंड्याच्या किल्ल्यात होती आणि तेथून 1632 साली विजापूरला नेली. वजन पंचावन्न टन सांगतात.

आता आपल्या ड्रायव्हर बंधूंनी हिशेब करावा. 2018 साली सरकारने गाड्यांची वजनमर्यादा वाढवली तेव्हा मोठ्यात मोठ्या ट्रेलरला माल आणि गाडी मिळून पंचावन्न टनांची मंजुरी मिळाली. म्हणजे ती तोफ एकटीच भरल्या ट्रेलरएवढी! डांबरी रस्ता नाही, रबरी टायर नाही, वाटेत भीमा ओलांडायची. चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसे लावली होती असे सांगतात. पुढे इंग्रजांच्या काळात हीच तोफ भंगार म्हणून लिलावात काढली. बोली लागली दीडशे रुपये! सुदैवाने तो लिलाव रद्द झाला.

ढोकीजवळचे तेर मात्र आपल्या लोकांनी मुद्दाम वाट वाकडी करून पाहावे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात याचे नाव तगर आहे. तेथून कापड गाड्यांत भरून, धड वाट नसलेल्या मुलखातून, भडोच बंदराकडे जाई असे त्यात लिहिले आहे. आज सोलापूरहून चादरीच्या गाठी निघतात, तेव्हा तेरहून मलमल निघत होती. गाडीवान तेव्हाही रात्री जागतच असेल! तेथील त्रिविक्रमाचे मंदिर विटांचे असून त्याची पाठ हत्तीच्या पाठीसारखी गोल आहे. ते मुळात बौद्ध चैत्य होते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. गावातील लामतुरे वस्तुसंग्रहालयात तेरच्या मातीत सापडलेल्या पुष्कळ वस्तू मांडल्या आहेत.

आता कोणी म्हणेल, साहेब, ट्रेलर लावायचा कुठे? बरोबर आहे. किल्ल्यापाशी कारसाठी जागा असते, चौदा चाकी गाडीसाठी नसते. पूर्वी एक जण क्लीनरला गाडीजवळ बसवून जाऊ शकत होता. आता कित्येक गाड्यांवर ड्रायव्हर एकटाच असतो. ताडपत्री फाटेल, डिझेल काढून नेतील, ही धास्ती. सम्राट अशोकाने रस्त्याकडेला वड लावले, विहिरी खोदल्या, धर्मशाळा बांधल्या आणि तसे स्तंभावर कोरून ठेवले. आपण टोल भरतो, पण सावलीत गाडी लावून अर्धा तास पाठ टेकायला जागा शोधावी लागते.

आणि तो अर्धा तास काही फुकटची मागणी नव्हे. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. माझ्या टेबलासमोर आलेल्या किती ड्रायव्हरांना ते माहीत होते? एका हाताच्या बोटांवर मोजावे इतक्यांना.

मागच्या पावसाळ्यात आम्ही दाजींना एसटीने नळदुर्गला नेले. सोबत भाची आणि तिची दोन लेकरे. क्लच दाबून दाबून दाजींचा डावा गुडघा गेला आहे. पाणी महालाच्या पायऱ्या त्यांना उतरवल्या नाहीत. ते वरच कट्ट्यावर बसून राहिले. लेकरे खालून ओरडत होती, "आजोबा, दिसतंय का?" ते नुसता हात हलवत होते.

त्यांचा मुलगा आता विजापूर लाईनवर आहे. गेल्या महिन्यात त्याने मुलूख-मैदान तोफेजवळ उभे राहून फोटो काढला आणि मोबाईलवर पाठवला. दाजींनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. मग लगेच फोन लावून त्याला विचारले, "गाडी कुठं लावलतास रे?"