कळ आणि अक्षर

जयपूरच्या सरकारी कार्यालयांत हिंदी टंकलेखन करणाऱ्या अनेक लिपिकांची बोटे आजही रेमिंग्टन यंत्राच्या कळपद्धतीला सरावलेली आहेत. यंत्रे गेली, संगणक आले; सवय मात्र राहिली. ‘कि’ लिहिताना असा लिपिक आधी वेलांटी व मागाहून ‘क’ दाबतो, कारण कागदावर वेलांटी आधी उमटत असे. १९८६ साली प्रमाणित झालेल्या इन्स्क्रिप्ट पद्धतीत हा क्रम उच्चाराप्रमाणे, म्हणजे नेमका उलटा आहे. गंमत अशी की, दोन्ही पद्धतींत पहिली वेलांटी इंग्रजी ‘एफ’च्या कळीवरच असते.

आता आज्ञावलीकाराकडे वळू. नकाशा किंवा तक्ता दाखविण्यासाठी तो पडद्यावर स्वतःची चौकट रेखाटतो, तेव्हा तिला कळफलकाचा पत्ता नसतो. मॅकिन्टॉश संगणकावर अशा प्रत्येक चौकटीस ‘कळा तू स्वीकारशील काय?’ असे जणू विचारले जाते, आणि वेगळे काही लिहिले नसल्यास तिचे उत्तर नकारार्थी असते. कोणीच न स्वीकारलेली कळ एका चौकटीकडून दुसरीकडे जात शेवटी केवळ एक ‘टुक्’ असा आवाज करून विरते.

संमती दिली म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. बाणांच्या कळा चौकटीने स्वतः हाताळाव्यात. पण दाबलेली कळ हेच अक्षर मानणे ही चूक होय. कृतिदेव टंकात ती खपून जाई, कारण तेथे ‘कि’च्या पोटात इंग्रजी ‘एफ’ आणि ‘डी’च दडलेले असतात, टंक बदलताच ते उघडे पडतात. युनिकोडमध्ये व्यंजन आधी, वेलांटी नंतर साठवली जाते. म्हणून रेमिंग्टनच्या सवयीसाठी कळ आणि चौकट यांच्यामध्ये एक मध्यस्थ लागतो. तो वेलांटी हाती धरून व्यंजनाची वाट पाहतो आणि तोवरचा कच्चा मजकूर चौकटीकडे सोपवतो. चौकटीने तो अधोरेखित करून दाखवावा आणि पक्के अक्षर येताच बदलावा, अशी अपेक्षा असते.

‘स्थिती’ लिहिताना ही प्रतीक्षा लांबते: वेलांटी, अर्धा ‘स’, मग ‘थ’. मध्येच लिपिकाने खोडण्याची कळ दाबली, तर ती प्रथम मध्यस्थाकडे गेली पाहिजे. चौकटीने ती परस्पर घेतली, तर ताटकळणारी वेलांटी तशीच राहते आणि आधीच्या शब्दातील निरपराध अक्षर पुसले जाते.