मनाच्या दुखण्याला अंगारा नको, उपचार हवा

बाळंतपणानंतर आमच्या वस्तीतली एक सून दोन महिने रडत होती. सासू म्हणाली, ‘बाहेरचं लागलंय.’ अंगारे झाले, गुण आला नाही. मायबहिणींनो, हा आजार आहे, उपचाराने बरा होतो.

आम्ही तिच्यासोबत १४४१६ ला फोन लावला. टेली-मानस ही सरकारी सेवा मोफत, २४ तास, मराठीतही आहे. मग जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाचा केसपेपर काढला. पहिल्या दिवशी झोप, भूक, घरचा त्रास एवढंच विचारलं.

‘घरी कळेल का?’ ही तिची भीती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे. समुपदेशकाने जात काढली, तुम्हालाच दोष दिला, तर दुसरा मागा. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. जीव नकोसा वाटला, तर एकट्या राहू नका. शेजारणीला हाक मारा.