आधी समेट, मग भाकर: प्रभुभोजन कसे चालते

सूस 2021 मध्ये पुणे महापालिकेत आले. जुन्या वाड्यावस्त्यांशेजारी टॉवर उभे राहिले आणि एकाच जिन्यावर नाना गावांची, नाना धर्मांची माणसे राहू लागली. आपल्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब असेल, तर कधीतरी चर्चला येण्याचे किंवा नाताळच्या जेवणाचे बोलावणे येतेच. तिथे नेमके काय चालते, त्या भाकरीच्या तुकड्याला एवढे महत्त्व का आणि भांडलेली माणसे त्यातून जवळ कशी येतात, हे क्रमाने पाहू.

आधी नावे समजून घेऊ. प्रोटेस्टंट मंडळीत, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांच्या समुदायात, या विधीला ‘प्रभुभोजन’ किंवा ‘पवित्र सहभागिता’ म्हणतात. कॅथलिक लोकांची ती ‘मिस्सा’ आणि त्यात मिळणारा तो ‘ख्रिस्तप्रसाद’. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू शिष्यांबरोबर जेवला. त्याने भाकर मोडून वाटली, प्याला फिरवला आणि माझी आठवण म्हणून हे करत राहा असे सांगितले. विधीचा उगम तिथे आहे. त्या पंक्तीत त्याला धरून देणारा यहूदाही होता आणि पहाटेच्या आत त्याला नाकारणारा पेत्रही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

पहिला टप्पा चर्चमध्ये पाऊल टाकण्याआधीचा, आणि सर्वांत कठीण. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूची स्पष्ट सूचना आहे: अर्पण घेऊन वेदीपाशी आलात आणि भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग या. इथे बहुतेकांचे वाचन चुकते. राग आपल्या मनात आहे का, एवढाच प्रश्न इथे नाही. दुसऱ्याच्या मनात आपल्याबद्दल काय आहे, हा आहे. ‘माझ्या मनात काही नाही’ असे म्हणून सुटता येत नाही. अनेक मराठी मंडळ्यांत प्रभुभोजन महिन्यातून एकदा, बहुधा पहिल्या रविवारी असते. आदल्या आठवड्यात त्याची सूचना होते. ते दिवस खरे तर याच कामासाठी आहेत.

दुसरा टप्पा पापांगीकाराचा, म्हणजे आपले चुकले हे देवासमोर कबूल करण्याचा. सगळे मिळून एकच प्रार्थना म्हणतात. कॅथलिक रीतीत याशिवाय फादरांपुढे एकट्याने कबुली देण्याचा वेगळा संस्कार आहे. या टप्प्यात घोटाळा होतो तो असा, की देवाची क्षमा मागितली म्हणजे शेजाऱ्याचीही मागून झाली असे वाटते. बांध सरकवला असेल, भावाचा हिस्सा दाबला असेल, तर तो परत करणे शिल्लकच राहते. जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट म्हणूनच मोलाची. लोक ज्याला पापी म्हणून टाळत, त्याच्या घरी येशू पाहुणा म्हणून आपणहून गेला. त्या पाहुणचारातच जक्कय उठून उभा राहिला. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचे फसवून घेतले त्याला चौपट परत, असे त्याने सर्वांसमोर सांगितले.

तिसरा टप्पा शांतीची खूण. शेजारच्याकडे वळून हात मिळवायचा किंवा हात जोडायचे आणि त्याला शांती चिंतायची. कुठे ही खूण अर्पणाच्या आधी असते, तर मिस्सेत भाकर मोडण्याच्या थोडी आधी. माणसे घाईने पुढच्यामागच्याशी हात मिळवतात आणि ज्याच्याशी अबोला आहे तो दोन बाकांपलीकडे बसलेला असतो. त्याच्यापर्यंत चालत जायला दहा पावले लागतात. ती दहा पावले कुणी टाकली, तर साऱ्या चर्चच्या ते लक्षात येते.

मग पाळक किंवा फादर भाकर घेतात, आभार मानतात, मोडतात आणि वाटतात. कुठे पातळ गोल वेफर असते, कुठे पावाचा तुकडा. कुठे एकच प्याला ओठांना लावतात, कुठे द्राक्षरस छोट्या पेल्यांतून देतात. आपल्याकडे सप्ताहाच्या शेवटी काला होतो आणि एकाच भांड्यातले सगळ्यांच्या मुखी जाते, तसाच भाव इथेही आहे. वाटा एकाच भाकरीचा, म्हणून घेणारे एका शरीराचे.

आणि नेमका इथेच माणसांनी सर्वांत मोठा घात केला आहे. करिंथ या ग्रीक शहरातल्या सुरुवातीच्या मंडळीत खाऊनपिऊन सुस्त झालेले श्रीमंत आणि उपाशी गरीब एकाच जेवणाला बसत. प्रेषित पौलाने त्यांना पत्रातून खडसावले आणि उपाय अगदी साधा सांगितला: एकमेकांसाठी थांबा. आपल्या देशात तर प्रभुभोजनाच्या मेजावर जातही येऊन बसली. तमिळ मुलखातल्या मंडळ्यांत वरच्या मानलेल्या जातींतले ख्रिस्ती वेगळे बसत. 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी चर्चमध्ये जातिभेद चालणार नाही असे फर्मावले, तेव्हा तंजावरकडच्या अनेकांनी मंडळी सोडली, पण शेजारी बसून प्रभुभोजन घेतले नाही. माझ्या मते प्रभुभोजनाची खरी कसोटी अशा पंक्तीतच लागते, प्रवचनात नाही.

पुण्याचा अनुभवही विसरू नये. ऑक्टोबर 1890 मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहाबिस्किटे आली. समोर न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशी मंडळी होती. गोपाळराव जोशी नावाच्या गृहस्थांनी हजर असलेल्यांची नावे छापवली आणि ख्रिस्ती लोकांकडे चहा घेतल्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांच्या आठवणींत तो प्रसंग आणि त्या वेळची घालमेल वाचायला मिळते. एकत्र घेतलेल्या घोटात केवढी ताकद असते, हे यातून कळते. पण त्या चहाने समेट झाला नाही, कारण त्याआधीचा एकही टप्पा कुणी ओलांडला नव्हता.

उलट उदाहरण नगर जिल्ह्यातले. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्या त्या सोवळेओवळे सांभाळूनच. टिळकांनी आपल्या ताटात जेवण्याची सक्ती केली नाही. जात देवाने केली की माणसाने, याचा विचार करता करता लक्ष्मीबाईंनी स्वतःच ठरवले की यापुढे कुणाच्याही हातचे खायचे. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनातला हा भाग वाचताना जाणवते, की पंक्तीला ओढून आणलेला माणूस पंक्तीत नसतोच. वाट पाहणे हाही विधीचाच भाग आहे.

शेवटचा टप्पा प्रीतिभोजन, म्हणजे उपासनेनंतरचे साधे जेवण. इथे बाप्तिस्म्याची अट नसते, सगळ्यांना बोलावणे असते. कोण वाढतो आणि कोण बसतो, याकडे लक्ष ठेवा. दर वर्षी तीच माणसे चुलीपाशी आणि तीच खुर्च्यांवर असतील, तर काहीतरी राहून गेले आहे.

घरचा समेट मात्र जेवणापासून सुरू करायला हरकत नाही. पुनरुत्थानानंतर येशूने सरोवराच्या काठी कोळशांच्या विस्तवावर मासे भाजले, भाकर ठेवली आणि रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावले. त्यांत त्याला तीनदा नाकारणारा पेत्र होता. आधी पोटभर खाऊ घातले. मगच, माझ्यावर प्रेम करतोस का, असे तीनदा विचारले. उपाशी माणसाकडून हिशेब मागितला नाही, पण जेवणावर हिशेब बुडवलाही नाही. आपण भांडलेल्या भावाला जेवायला बोलावतो, श्रीखंडपुरी वाढतो आणि मूळ विषय काढायचे टाळतो. मग तो वाद तसाच पुढच्या दिवाळीपर्यंत जातो.

चर्चाचर्चांतले मेजही असेच वेगळे होते. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा पंथांच्या मंडळ्या एक होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाली, तेव्हा अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथॉडिस्ट अशा परंपरांचे लोक एकाच मेजाशी आले. त्याआधी वाटाघाटींत कित्येक वर्षे गेली होती. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचे मेज मात्र अजून एक झालेले नाही.

आपण बाप्तिस्मा घेतलेला नसेल, तर भाकर वाटताना जागेवरच बसून राहावे. त्यात अपमान नाही. काही ठिकाणी पुढे जाऊन छातीवर हातांची घडी घातली तर पाळक आशीर्वाद देतात, पण ती रीत तिथे आहे का हे आधी यजमानांना विचारा. प्रीतिभोजनाला नक्की थांबा आणि जमल्यास वाढायला उभे राहा. आणि बोलावणे स्वीकारलेच आहे, तर जाण्याआधी त्या आठवड्यात, ज्याचा नंबर आपण बरेच दिवस लावलेला नाही, त्याला एक फोन करा.