ग्लास त्यांचा, जबाबदारी तुमची!

जुलैचा एखादा शुक्रवार. बॉसचा मूड बरा, बाहेर धो धो पाऊस आणि ऑफिसच्या ग्रुपवर एकच विषय... ‘यंदा गटारी कुठे?’ मग कुणाच्या तरी मामाचं शहापूरला फार्महाऊस निघतं, नाहीतर मुरबाडजवळचा एखादा बंगला भाड्याने ठरतो. चिकन कोण आणणार, स्पीकर कुणाचा, बाटल्या किती... यादी फटाफट तयार होते. यादीत एक प्रश्न मात्र कधीच नसतो. परत कसं यायचं?

तसं बघायला गेलं तर आषाढातली ही अमावास्या दिव्यांची. घरोघरी दिवे घासूनपुसून त्यांची पूजा होते. पण श्रावण पाळायचा म्हणजे आदल्या दिवशी सगळी हौस भागवून घ्यायची, हा आपला जुना फंडा! हौसेला आमचा विरोध नाही. पण या पार्टीचे यजमान तुम्ही असाल, तर तुमचं काम ग्लास भरण्यापुरतं नाही, हे आधीच लक्षात घ्या.

शहरात पार्टी संपली की मोबाइलवर कॅब बोलवायची, विषय संपला. इथे रात्री एक वाजता कॅब मिळेल या भरवशावर राहू नका. शहापूरला निदान आसनगाव, आटगाव, खर्डी अशी कसारा लाइनची स्टेशनं तरी आहेत. मुरबाडला रेल्वेच नाही, कल्याणहून एसटी नाहीतर स्वतःची गाडी. एका बाजूला ट्रकांनी भरलेला मुंबई-नाशिक हायवे, दुसऱ्या बाजूला पावसाळ्यात धुकं आणि दरडींचा माळशेजचा रस्ता. म्हणून पहिला नियम सोप्पा: जितक्या गाद्या, तितकीच आमंत्रणं. शहापूर-मुरबाडची पार्टी रात्री संपत नाही, ती सकाळच्या पोह्यांनंतर संपते. ज्याला रात्रीच परतायचंय, त्याने प्यायची नाही. आणि त्याला ‘बिचारा’ म्हणायचं नाही; मटणाचा पहिला वाढप त्यालाच!

पाहुणे आले की गाड्यांच्या किल्ल्या एका डब्यात. डबा यजमानाच्या ताब्यात. सुरुवातीलाच, सगळे शुद्धीत असताना मागितल्या तर कुणाला अपमान वाटत नाही. मध्यरात्री मागितल्या तर भांडण ठरलेलं.

थोडा हिशेब

‘मी फक्त बिअरच घेतली रे!’ हे वाक्य प्रत्येक ग्रुपमध्ये एकजण तरी म्हणतो. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत साधारण ४१ ग्रॅम. म्हणजे एक बाटली बरोबर चार छोटे पेग! ५ टक्केवाली माइल्ड घेतलीत तरी अडीच पेग होतातच.

एक छोटा पेग पचवायला शरीराला निदान एक तास लागतो, काहींना त्याहून जास्त. रात्री आठला बसून तीन स्ट्राँग बाटल्या संपवणाऱ्याच्या रक्तात सकाळी आठलाही अल्कोहोल असू शकतं. ब्लॅक कॉफी, लिंबू-पाणी, थंड पाण्याची अंघोळ... यांनी फार तर डोळे उघडतात, रक्तातलं अल्कोहोल उतरत नाही. त्याला वेळ हेच औषध. कायद्याची मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्यांदा पकडलं गेल्यावर १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणून निघायची वेळ सकाळची नको, दुपारच्या जेवणानंतरची ठेवा.

आग्रह जिलबीचा, पेगचा नाही

पंगतीत आग्रह करकरून वाढणं हा आपला मराठी बाणा. ‘अजून एक घ्याच’ म्हटल्याशिवाय यजमानाला चैन पडत नाही. जिलबीच्या बाबतीत हे ठीक आहे. दारूच्या बाबतीत हा आग्रह घरीच ठेवून या. ‘नको’ एकदा ऐकलं की विषय बंद. कारण विचारायचं नाही. कुणाची औषधं चालू असतात, कुणाच्या घरात दारूने वाट लावलेली असते, कुणी गरोदर असते आणि तिला ते इतक्यात सांगायचं नसतं. न पिणाऱ्यांसाठी कोमट झालेला कोला पुरे, हा समजही सोडा. कोकम सरबत, सोलकढी, आलं-लिंबू सोडा असं काहीतरी मस्त, त्याच देखण्या ग्लासांत ठेवा. हातात कोणता ग्लास आहे, यावरून कुणी वेगळं पडता कामा नये.

ओतायला मेझर वापरा. अंदाजपंचे ओतलेला पेग नेहमी मोठाच पडतो. ग्लास रिकामा झाल्याशिवाय भरायचा नाही. जेवण साडेआठ-नऊलाच लावा. नुसत्या खारट चकण्याने तहान वाढते आणि रिकाम्या पोटी दारू पटकन चढते. त्यापेक्षा तांदळाची भाकरी, चिकनचा रस्सा आणि बाजारात आदिवासी बायका विकायला बसतात ती ताजी करटोली, यांनी खरी बहार येते. साडेअकराला बार बंद, चहा सुरू. बाटल्या आत ठेवून द्या, कुणी शोधत बसत नाही.

पाणी आणि गाव

विहीगावचा अशोका धबधबा, माळशेजचे कडे, भातसाचं पाणी... सगळं बघायचं असेल तर पहिल्या घोटाच्या आधी. नंतर अजिबात नाही. बऱ्याच पावसाळ्यांत ठाणे जिल्हा प्रशासन या भागातल्या धबधब्यांवर आणि धरणांवर बंदी आदेश काढतं, ते उगाच नाही. निघण्याआधी आदेश आहे का, ते तपासा.

‘काका, जरा गावठी मिळेल का?’ ही फर्माईश केअरटेकरला करू नका. मोहाच्या दारूला इथल्या आदिवासी समाजात स्वतःची जागा आहे, पण बाहेरच्याला विकायला आलेल्या कॅनमध्ये काय मिसळलंय हे चव घेऊन कळत नाही. २०१५ मध्ये मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. आणि केअरटेकरला बक्षिसी म्हणून उरलेली बाटलीही नको. रोख पैसे द्या. ते घरी पोचतात, बाटली बहुतेक वाटेतच संपते.

कागदपत्रांचंही बघा. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१, व्हिस्की-रमसाठी २५. पिण्याचा परवाना लागतो आणि मोठ्या पार्टीसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना. दमण-सिल्वासाची स्वस्त बाटली इथे आणणं हा गुन्हा आहे. नुकत्याच कॉलेज संपवून जॉइन झालेल्या ट्रेनीला पेग देण्याआधी त्याचं वय विचारा, लाजू नका.

एवढं करूनही कुणी आडवा झालाच, तर त्याला ‘झोपू दे’ म्हणून एकट्याला सोडू नका. कुशीवर वळवा, उलटी करायला लावू नका, कुणीतरी शेजारी बसा. हाक मारून जागा होत नसेल, श्वास मंद किंवा अडखळत असेल, अंग थंड पडलं असेल, तर लगेच १०८ फिरवा. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. रस्ता दिवसाउजेडीच बघून ठेवा.

यजमानाने स्वतः किती घ्यायची? एक, फार तर दोन. आणि तीही सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारी किल्ल्यांचा डबा रिकामा होईल, सगळे घरी पोचल्याचे मेसेज येतील... तेव्हा समजा, पार्टी झक्कास झाली!